पहिली दुनळी घेताना: आधी दस्ता आणि नळ्या, नाव नंतर

विचारणारे गृहस्थ मिनियापोलिसजवळ राहतात. ग्रीन कार्ड मिळून वर्ष झालंय, उंची ५ फूट ६ इंच. ऑक्टोबरात उत्तरेच्या जंगलात रफ्ड ग्राउस आणि पुढे पश्चिमेच्या गवताळ पट्ट्यात फेझंट, अशा दोन रानकोंबडीसारख्या पक्ष्यांची शिकार करायची आहे. गावाकडे आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी होती, त्यामुळे पंप (हाताने पुढे-मागे ओढून काडतूस भरायची एकनळी) नको, वरखाली नळ्यांचीही नको, शेजारी-शेजारी नळ्यांचीच हवी. बजेट १२०० डॉलर. नवी तुर्की घ्यावी की जुनी अमेरिकन? १२ बोअर की २०? एक चाप की दोन?

माझं उत्तर आधीच सांगतो. २० बोअर (आकडा मोठा तितकी नळी बारीक), दोन चाप, तीन इंची चेंबर (नळीतली काडतुसाची जागा), बदलता येणारे चोक (नळीच्या तोंडाचा निमुळता भाग, छर्रे किती पसरणार ते तो ठरवतो), साधे एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस नुसतं वर उचलणारे). हल्लीच्या बनावटीची, आणि जमलं तर एखाद-दोन हंगाम वापरलेली. १२०० पैकी बंदुकीवर साडेआठशे-नऊशेच्या वर जाऊ नका. उरलेले पैसे दस्ता तुमच्या मापाचा करून घ्यायला आणि काडतुसांना लागणार आहेत. स्वस्त दुनळी घेणारे बहुतेक लोक हा हिशेब उलटा करतात. नक्षी, सोनेरी पक्षी, देखणं अक्रोडाचं लाकूड यांवर सगळे पैसे जातात आणि अंगाला न बसणारी बंदूक घेऊन माणूस रानात उतरतो. पक्षी पडतो तो दस्ता आणि नळ्या यांच्या जोरावर, म्हणून पैसाही तिथेच गेला पाहिजे.

कायद्याचं आधी उरकतो, कारण आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. ग्रीन कार्डवाल्याला परवानाधारक दुकानातून, फॉर्म ४४७३ हा संघराज्याचा खरेदीचा फॉर्म भरून, बंदूक घेता येते. राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा आणि ग्रीन कार्डावरचा तुमचा एलियन नंबर लागतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. त्याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. ‘चालू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. परवान्याची मुदत संपली की घरातल्या कपाटात ठेवलेली बंदूकही गुन्हा ठरते. असा कुणी मित्र तुमच्यासोबत येणार असेल तर त्याला हे नीट समजावून सांगा, आणि शंका असेल तर त्याला वकिलाकडे पाठवा. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते पुढे ढकलू नका. आणि ही हौस इथल्यापुरतीच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तित्तिराच्या मागे बंदूक घेऊन जाणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

आता बंदूक. निवड करताना पहिला प्रश्न कंपनीचा नसतो. तुम्ही कोणत्या जमिनीवर शिकार करणार, हा असतो. इटास्का काउंटीच्या बाजूला कोवळ्या अॅस्पेनच्या रानात ग्राउस उठतो तो पंधरा-वीस यार्डांवर, आणि दोन झाडांच्या फटीतून डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसेनासा होतो. तिथे शिशाचे ७½ नंबरचे छर्रे (नंबर मोठा तितका छर्रा बारीक) आणि मोकळा चोक पुरतो. फेझंटचं गणित वेगळं आहे. पश्चिम मिनेसोटा आणि डाकोटातली उत्तम सार्वजनिक रानं बरीचशी वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया, म्हणजे पाणपक्ष्यांच्या विणीच्या जागा, म्हणून राखलेली आहेत, आणि तिथे शिसं चालत नाही. पाणपक्ष्यांसाठी शिसं देशभर १९९१ पासून बंद आहे. या जमिनींवर फेझंटमागे जातानाही खिशात फक्त बिनविषारी छर्रे असावे लागतात. साउथ डाकोटात तर बहुतेक सार्वजनिक जमिनींवर हाच नियम आहे. दरवर्षीचं नियमपुस्तक वाचूनच निघायचं.

बिनविषारी म्हणजे परवडणारं असं एकच, पोलाद. पोलादाचे छर्रे कडक असतात. जुन्या दुनळीच्या नळ्या पातळ आणि मऊ, त्यात चोक घट्ट. अशा नळीतून पोलाद सोडलं की चोकच्या जागी नळीला बाहेरून वळ उठतो, रिबचा, म्हणजे दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचा, सांधा सुटू शकतो. बिस्मथ मऊ असतं, जुन्या बंदुकीला चालतं, पण त्याच्या एका खोक्याच्या किमतीत पोलादाची दोन-तीन खोकी येतात. म्हणून ‘जुनी अमेरिकन की नवी’ याचं उत्तर तुमच्या बाबतीत जमिनीनेच दिलेलं आहे. फेझंट सार्वजनिक रानातला हवा असेल तर पोलादासाठी बनवलेली, बदलत्या चोकची, आजची बंदूक घ्या. नुसताच ग्राउस आणि वुडकॉक हा छोटा रानपक्षी करणारा माणूस असता तर मी त्याला वेगळं सांगितलं असतं.

१२ की २०, यावर वाद घालणारे भेटतील. इंग्लंडचा बंदूक बनवणारा ग्रीनर याने दिलेला जुना आडाखा असा की बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. एक औंस छर्रे म्हटले तर सहा पाउंडांची बंदूक. २० बोअरमध्ये पाऊण-एक औंसाचं काम होतं आणि सहा पाउंडांची बंदूक दिवसभर हातात घेऊन दलदल, पडलेली झाडं, कमरेएवढं गवत तुडवता येतं. स्वस्त १२ बोअर दुनळ्या बहुधा सात पाउंडांच्या पुढेच जातात. शिवाय स्वस्त बंदुकांत पुष्कळदा २० बोअरची नळी १२ च्याच सांगाड्यावर चढवलेली असते, त्यात वजन काहीच वाचत नाही. म्हणून कागदावरचा आकडा वाचून समाधान मानू नका, दुकानात काटा मागा आणि तोलून घ्या. १२ बोअरची खरी बाजू एकच, पोलादाचे मोठे छर्रे त्यात जास्त मावतात. पण तीन इंची २० बोअरमध्ये ३ नंबरचं पोलाद भरून पस्तीस यार्डांच्या आत नर फेझंट नीट पडतो, आणि त्यापलीकडचा बार नवशिक्याने काढूच नये. जखमी होऊन गवतात हरवलेला पक्षी हा शिकाऱ्याच्या माथ्यावर बसतो. २८ बोअर सुंदर असतो, पण काडतुसं महाग. १६ बोअर मला मनापासून आवडतो, पण पहिल्या बंदुकीसाठी नको. गावातल्या दुकानात त्याची काडतुसं असतीलच असं नाही.

दस्त्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. रायफलीला मागे-पुढे दोन खुणा जुळवून नेम धरता येतो. छर्ऱ्याच्या बंदुकीत मागची खूण म्हणजे तुमचा डोळा, आणि डोळा कुठे येणार ते दस्ता ठरवतो. सोळा यार्डांवर निशाणाच्या एक इंच वर-खाली बार लागत असेल तर दस्त्यात सोळांश इंचाचा फरक पुरतो. हे गणित उलटं वाचा: दस्ता पाव-तीन अष्टमांश इंच चुकला तर तीस-बत्तीस यार्डांवर बार आठ ते बारा इंच भलतीकडे जातो. छर्ऱ्यांचा दाट भाग जेमतेम तीस इंचांचा. मग लोक म्हणतात, ‘मला उडता पक्षी जमत नाही.’

कारखान्याचा दस्ता चापापासून बुडापर्यंत साधारण साडेचौदा इंच असतो. तो पाच-अकराच्या माणसासाठी ठीक. तुमच्या उंचीला, वर नोव्हेंबरचा जाड कोट, म्हणजे पावणेचौदा ते चौदा इंच लागेल. लांब दस्ता कोटाला अडकतो, उशिरा खांद्यावर येतो, आणि मग दंडावर बसतो. अर्धा-पाऊण इंच कापून रबरी पॅड बसवणं हे कुठल्याही बऱ्या गनस्मिथचं दीडशे-दोनशे डॉलरचं काम आहे. कापताना बुडाचा कोन मूळचाच राहिला पाहिजे, हे सांगून ठेवा. आपल्यासारख्या मध्यम उंचीच्या लोकांना याचा एक फायदाही आहे: दस्ता कापणं सोपं, वाढवणं कुरूप.

लांबीइतकीच महत्त्वाची दस्त्याची उतरण, म्हणजे नळ्यांच्या रेषेपासून दस्ता किती खाली जातो. आज गालापाशी दीड आणि बुडापाशी अडीच इंचांच्या आसपास असते. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन दुनळ्यांची बुडापाशी तीन इंच आणि त्याहून जास्त असायची, कारण त्या काळचे लोक मान ताठ ठेवून बार काढत. आपण गाल टेकवतो, मग डोळा ब्रीचच्या, म्हणजे नळ्यांच्या मागच्या टोकाच्या, मागे बुडतो आणि बार खाली जातो. दुकानात हे असं बघा: बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, समोर भिंतीवर एक ठिपका ठरवा, डोळे मिटा, बंदूक खांद्यावर आणून गाल टेकवा, मग डोळे उघडा. रिबचा थोडासा भाग आणि टोकाची माशी (नेमाचा मणी) सरळ रेषेत दिसली पाहिजे. नुसता बंदूक उघडायचा लोखंडी खटकाच दिसत असेल तर दस्ता फार उतरता. माशी डावीकडे-उजवीकडे गेली असेल तर दस्त्याला बाजूचा बाक कमी किंवा जास्त आहे. असं चार-पाच वेळा करा, दर वेळी मान न हलवता. आणि त्याआधी तुमचा कोणता डोळा प्रबळ आहे ते तपासा. उजव्या खांद्याचा माणूस डाव्या डोळ्याचा निघाला तर दस्त्याची कितीही दुरुस्ती केली तरी बार डावीकडेच जातो. तिथे चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी धूसर टेप लावणं हा साधा इलाज.

दोन चाप का? पुढचा चाप उजवी, मोकळ्या चोकची नळी उडवतो, मागचा चाप डावी, घट्ट चोकची. पक्षी पायाखालून उठला तर पुढचा, लांबून उठला तर थेट मागचा. ही निवड विचार करायच्या आत बोट करतं, आणि हाच दुनळीचा खरा दागिना आहे. एका चापात दोन नळ्यांची व्यवस्था करायला जे नाजूक यंत्र लागतं, ते स्वस्त बंदुकीत सगळ्यात आधी बिघडतं. दोन चापांत एक बाजू बिघडली तरी दुसरी चालू राहते. याला माझा एकच अपवाद, जपानी बंदुका. एसकेबीच्या १०० आणि २०० मॉडेलचे एक-चाप मला भरवशाचे वाटतात. रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरवरही पैसे घालू नका. रिकामं काडतूस एक्स्ट्रॅक्टरने उचललेलं हाताने काढून खिशात टाकावं, नाहीतरी रानात टरफलं सोडायची नसतात.

आता नावं. नव्यात सीझेडची बॉबव्हाइट जी-२ तुमच्या वर्णनात जवळजवळ जशीच्या तशी बसते: दोन चाप, सरळ इंग्लिश दस्ता, एक्स्ट्रॅक्टर, बदलते चोक. ती तुर्कस्तानात कोन्या प्रांतातल्या हुग्लूला बनते. तिथे बंदूक बनवणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या आपल्या माणसाला त्यात काही नवल वाटू नये. वेदरबीची ओरायन दुनळीसुद्धा तुर्कीच. ब्राझीलहून येणारी स्टोगर अपलँडर सगळ्यात स्वस्त. लाकूड-लोखंडाचे सांधे ओबडधोबड, पण मजबूत. या वर्गातल्या नव्या बंदुकांचे चाप बरेचदा जड आणि उघडण्याचा खटका घट्ट असतो. चाप गनस्मिथ हलका करतो, खटका वापराने सैल होतो. नग-नग वेगळा निघतो, म्हणून दुकानात दोन-तीन मागवून हाताळा.

वापरलेल्यात वर सांगितलेली एसकेबी मिळाली, २० बोअर, तर बजेटच्या काठावर जाऊनही विचार करा. पण तिचे चोक कायमचे असतात, म्हणजे पोलादाचा प्रश्न परत आला. ती ग्राउससाठी. मिरोकूने जपानात बनवलेली ब्राउनिंग बीएसएस टणक पण वजनदार, आणि आता महाग. स्पेनमधल्या ऐबारच्या बॉक्सलॉक (यंत्र मधल्या पेटीत असलेल्या) बंदुका, आया किंवा उगार्तेचेआ या कंपन्यांच्या, फार गोड हातात बसतात. रशियन बैकाल मजबूत, पण तिची आयात आता बंद आहे, सुट्या भागांची चिंता करा. स्टीव्हन्स ३११ आणि सॅव्हेजची फॉक्स मॉडेल बी कुठल्याही गावच्या दुकानात दिसतील. टिकाऊ, पण तोल पुढच्या बाजूला. उडत्या पक्ष्यामागे वळवताना त्या जड जातात.

आणि जुन्यांबद्दल, कारण मन तिकडे जाणारच. फॉक्स स्टर्लिंगवर्थ ही माझ्या मते साध्या अमेरिकन दुनळ्यांत सर्वांत शहाणी बनावट, यंत्रात भाग कमी. इथाकाची १९२६ नंतरची एनआयडी घ्या, आधीची फ्लूज बनावट जड काडतुसांनी तडकते. एल. सी. स्मिथच्या साइडलॉकमागे (बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या यंत्रामागे) लाकूड हमखास चिरतं, तिथे भिंग लावून बघा. यातली कुठलीही घेण्याआधी चेंबरची लांबी मोजून घ्या. महायुद्धाआधीच्या १६ बोअरची चेंबर बहुधा २ पूर्णांक ९/१६ इंच, जुन्या इंग्लिश १२ ची अडीच. आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात आरामात शिरतं, कारण न उडालेलं काडतूस टोकाला दुमडलेलं असतं. उडालं की ते उलगडतं, पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. काडतूस आत गेलं म्हणजे ते चालतं, असं समजू नका. आणि नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसली, म्हणजे दमास्कस असली, तर पहिल्या बंदुकीसाठी ती नको, दुकानातच राहू द्या.

वापरलेली दुनळी बघताना दुकानदाराची परवानगी घ्या आणि सरावाची रिकामी काडतुसं, स्नॅप कॅप, सोबत न्या. पुढचं लाकूड काढा आणि बंदूक मुठीशी धरून हलकेच हलवा. त्या लाकडाची स्प्रिंग सैलपणा लपवते, ते काढलं की नळ्या खटखटतात की नाही ते कळतं. बंद करून उजेडात धरा, नळ्या आणि ब्रीच यांच्यात फट दिसता कामा नये. वरचा खटका नवीन बंदुकीत मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबतो. डावीकडे गेला असेल तर झीज झालेली आहे. नळ्या सुट्या करून त्यांच्या खालच्या हुकाला बोटाने टांगा आणि नखाने किंवा लाकडी पेन्सिलीने टिचकी मारा. घंटेसारखा नाद हवा. भद्द आवाज आला तर रिबचा सांधा सुटलाय, आणि तो जोडून घेण्याचा खर्च बंदुकीच्या किमतीएवढा होतो. नळीतून दिव्याकडे बघा, आतल्या सावलीची वर्तुळं कुठे वाकडी झाली तर तिथे पोचा. तोंडाशी दोन नळ्या एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असाव्यात. मध्ये फट असून ती बुजवलेली दिसली तर नळ्या कापलेल्या आहेत आणि चोक गेला. सेफ्टी लावून दोन्ही चाप ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा: आतला एकही घोडा पडता कामा नये. शेवटी स्क्रूंच्या खाचा बघा. त्या कुरतडलेल्या असतील तर आत कुणीतरी घरगुती हात चालवलेला आहे.

घेतल्यावर पहिलं काम कागदावर बार काढून बघण्याचं. स्वस्त दुनळीचा खरा दोष डोळ्यांना दिसत नाही: दोन्ही नळ्या एकाच जागी मारत नाहीत. नळ्या जोडताना त्या अगदी किंचित एकमेकींकडे कललेल्या असाव्या लागतात, आणि हे काम हाताचं असल्यामुळे स्वस्तात तिथेच काटछाट होते. चाळीस इंची कागद तीस यार्डांवर लावा, मध्ये ठिपका काढा, टेकू घेऊन उजव्या नळीने तीन बार तीन वेगवेगळ्या कागदांवर, मग डाव्या नळीने तसेच. दोन्हींच्या दाट भागांचे मध्य पाच-सहा इंचांच्या आत असतील तर मी ती बंदूक ठेवतो. फूटभर अंतर असेल तर परत करतो, स्वस्त बंदुकीत ती दुरुस्ती परवडत नाही. हेच कागद पोलादानेही करून बघा. पोलाद शिशापेक्षा घट्ट जातं, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर हा मोकळा चोक मॉडिफाइड या मधल्या चोकसारखा पडतो, म्हणून फेझंटला त्याहून घट्ट चोक लावायची गरज सहसा लागत नाही, आणि फुल, म्हणजे घट्ट, चोकमधून पोलाद सोडायचं नाही.

म्हणूनच ऑनलाइन लिलावापेक्षा जवळच्या दुकानातून घ्या. ऑनलाइन विक्रेते तीन दिवसांची तपासणी देतात, पण बहुधा बार न काढण्याच्या अटीवर, म्हणजे कागदाची परीक्षा तुम्हाला करताच येत नाही. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा: नळ्या जुळत नसतील तर परत घेणार का? आणि हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये करा. हंगाम संपल्यावर लोक बंदुका विकायला काढतात, गनस्मिथही मोकळे असतात. ऑगस्टनंतर त्यांच्याकडे रांग लागते आणि तुमचा दस्ता थेट डिसेंबरात हातात पडतो. मे महिन्यात दस्ता कापून मिळाला तर उन्हाळाभर स्कीटच्या, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीच्या, मैदानावर सराव करता येईल. तिथे मात्र बंदूक आधीच खांद्याला लावून उभे राहू नका. दस्ता काखेखाली ठेवून तबकडी मागवा आणि ती दिसल्यावरच बंदूक वर आणा.